पूर ओसरल्यावरची तातडी

सप्टेंबर 2025 च्या उत्तरार्धात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम, कळंब तालुक्यांत अतिवृष्टी झाली. पिकं बुडालीच, पण बऱ्याच ठिकाणी वरची मातीही खरडून गेली. तेव्हा विधिमंडळाचं अधिवेशन 18 जुलैला आणि संसदेचं 21 ऑगस्टला संपलेलं होतं. पुढची अधिवेशनं थेट डिसेंबरात. तोवर पुराचा विषय ‘अलीकडचा’ राहिला का, हा आक्षेप स्थगन प्रस्तावावर, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणाऱ्या प्रस्तावावर, हमखास येतो. कारण लोकसभेच्या नियमांनुसार विषय अलीकडचा, एकच, नेमका आणि सरकारच्या जबाबदारीतला असावा लागतो. सूचना सकाळी 10 पर्यंत द्यायची, अध्यक्षांची संमती घ्यायची आणि सभागृहात हरकत आली तर 50 सदस्यांनी पाठिंब्यासाठी उभं राहायचं. विधानसभेत स्थगनासाठी नियम 97 आहे.

नियम जाचक वाटतात, पण चूक बहुतेकदा सूचनेच्या मसुद्यात असते. ‘मराठवाड्यातील पूरस्थिती’ हा विषय डिसेंबरात शिळाही आहे आणि मोघमही. राज्य सरकारने 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि मनरेगातून 3 लाख देण्याचं सांगितलं. रब्बीची पेरणी निघून जात असताना एखाद्या तालुक्यात ती रक्कम खात्यावर पडलेली नसेल, तर तो विषय नेमका आहे आणि आजचा आहे. सभागृहही नीट निवडावं लागतं: राज्याने वाटायच्या मदतीचा विषय लोकसभेत टिकत नाही, तिथे केंद्राच्या मदतीबद्दलच बोलता येतं.

यावर कुणी म्हणेल, महिन्यांपूर्वीच्या पुराचे असे विषय स्थगनासाठी घेतले तर रोजचं कामकाज कोलमडेल. स्थगन प्रस्ताव संमत होणं हा सरकारवरचा ठपका असल्याने चाळणी बारीक हवी, हे मान्यच. पण लोकसभेत ही चर्चा साधारणपणे दुपारी 4 वाजता, किमान अडीच तास चालते; प्रश्नोत्तराचा तास त्यात बुडत नाही. शिवाय ठपका नको असेल तर नियम 193 ची अल्पकालीन चर्चा किंवा लक्षवेधी सूचना आहे. दोन्हींत मतदान नसतं. मसुद्यापलीकडची खरी उणीव अधिवेशनांच्या वेळापत्रकात आहे. दोन अधिवेशनांत 6 महिन्यांहून अधिक अंतर नको, एवढंच घटना सांगते. मधल्या काळात विशेष अधिवेशन बोलावणं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर अवलंबून. ते आमदाराच्या हातात नसतं, सूचना मात्र असते. म्हणून मतदारांनी आमदाराला ‘आवाज उठवला का’ एवढंच विचारून थांबू नये. सूचना कोणत्या नियमाखाली दिली आणि तिच्यात नेमकं काय लिहिलं, हे विचारावं.