आवाज कुठे बुडतो?

घरात बॅटरीवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर असेल, तर मुलांना एक गंमत दाखवा. मीडियम वेव्हवर आकाशवाणीचे केंद्र लावा आणि रेडिओ हातात धरून सावकाश गोल फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम बारीक होतो. रेडिओच्या आत काळसर फेराइटची कांडी असते, तिच्यावर तारेचे वेटोळे. कांडीचे टोक केंद्राकडे वळले की आवाज बुडतो. आवाज सर्वांत मोठा कुठे येतो हे कानाला नीट ठरवता येत नाही. बुडतो कुठे, हे मात्र लगेच कळते. म्हणून रेडिओची दिशा शोधणारे आवाजाचा नव्हे, शांततेचा माग घेतात.

पण यातून मिळते ती फक्त एक रेघ. केंद्र पुढे आहे की मागे, जवळ की लांब, हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ काढावी लागते. नकाशावर दोन्ही जिथे छेदतील, तिथे प्रक्षेपक. भूमिती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्या मुलांना माझे उत्तर हेच असते.

दुसऱ्या महायुद्धात या रेघांवर माणसांचे जीव टांगलेले होते. जून १९४३ मध्ये नूर इनायत खान ब्रिटिशांच्या गुप्त संदेशक म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरल्या. वय २९. वडील हजरत इनायत खान मूळ बडोद्याचे, सूफी आणि वीणावादक. नूर पॅरिसला पोहोचल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या गटाची धरपकड सुरू झाली. परत येण्याची मुभा असूनही त्या थांबल्या.

जर्मनांची पद्धत पायरीपायरीची होती. दूरची केंद्रे शहर ओळखत, बंद गाड्या मोहल्ला शोधत आणि शेवटी कोटाखाली यंत्र लपवलेला माणूस पायी इमारतीपर्यंत पोहोचे. कधी एकेका भागाची वीज तोडत. संदेश मध्येच थांबला, की तो भाग नक्की झाला. या सगळ्याला वेळ लागे. संदेशकाच्या हाती होता तो एवढाच वेळ. थोडक्यात संदेश पाठवायचा, जड सेट उचलायचा, दुसरे घर गाठायचे. नूर यांनी हे उन्हाळाभर केले.

आदल्याच वर्षी आपल्या मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार गुप्त काँग्रेस रेडिओ असाच जागा बदलत चालवत होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलीस दारात आले, ते त्यांच्याच एका तंत्रज्ञाने पत्ता दाखवल्यामुळे.

नूर यांचेही तेच झाले. गाड्या फिरत राहिल्या आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये कुणीतरी पत्ता विकला. घरात सेट सापडला, जुन्या संदेशांची वहीही. चौकशीत नूर यांनी काही सांगितले नाही, पळून जाण्याचाही प्रयत्न केला. पण त्या सेटच्या नावाने जर्मन लंडनला संदेश पाठवत राहिले. संदेश कुठून येतो हे रेघा सांगतात. बटणावर हात कुणाचा, हे नाही. लंडनने विश्वास ठेवला आणि पॅराशूटने उतरवलेले आणखी हेर थेट जर्मनांच्या हाती पडले.

१३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत नूर यांना गोळी घालण्यात आली. ब्रिटनने १९४९ मध्ये त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.