पोपटाला मिरची झोंबत नाही, मग फळे राखायची कशी?

पोपटाने टोचलेला पेरू गोड असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य एवढेच, की पोपट पिकत आलेले फळ बरोबर हेरतो. त्याच्या चोचीमुळे फळाला गोडी येत नाही. आणि ज्याच्या बागेतले शेकडो पेरू किंवा डाळिंबे अशी टोचली जातात, त्याला या गोडीचे कौतुक कसे वाटणार? द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरू लागले की साळुंक्या, बुलबुल, भोरड्या बागेत येऊ लागतात. पक्षी घडातले चार-सहा मणीच फोडतो. पण फुटलेल्या मण्यातून रस गळतो, त्यावर गांधीलमाश्या येतात, बुरशी धरते आणि वर्षभर जपलेला अख्खा घड बाजारातून बाद होतो.

मग राखणीचे नाना उपाय सुरू होतात. त्यातले बरेच फसतात, कारण ते आपण आपल्या जिभेने आणि आपल्या कानांनी निवडलेले असतात. पक्ष्यांची इंद्रिये वेगळी आहेत.

तिखटाच्या पाण्याची फवारणी हे त्याचे उत्तम उदाहरण. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य आपल्या चेतातंतूंवरील ‘टीआरपीव्ही-१’ या प्रथिनाला चिकटते. हेच प्रथिन आपल्याला चटक्याची जाणीव करून देते, म्हणून तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होते. स्वेन-एरिक जॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की कोंबडीतील हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. (ज्युलियस यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.) निसर्गाच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे. उंदरासारखे प्राणी मिरचीचे बी चावून नष्ट करतात, तर पक्ष्यांच्या पोटातून ते शाबूत बाहेर पडते आणि दूरवर रुजते. म्हणूनच पोपट हिरवी मिरची मजेत खातो. तिखटाने खार एक वेळ दूर राहील, पोपट नाही.

याच्या नेमके उलट द्रव्यही आहे. द्राक्षाच्या स्वादाच्या गोळ्यांना जो वास असतो, तो मिथिल अँथ्रॅनिलेटचा. कॉन्कॉर्ड जातीच्या द्राक्षात ते नैसर्गिकरीत्या असते. आपल्याला तो वास आवडतो, पक्ष्यांना मात्र ते झोंबते. अमेरिकेत पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी त्याची फवारणी होते. पण ते लवकर उडून जाते, पुन्हा पुन्हा फवारावे लागते आणि परिणामही सगळीकडे सारखा मिळत नाही. असे कोणतेही द्रावण आपल्या पिकासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे पाहिल्याशिवाय वापरू नये.

आवाजाचीही तीच गोष्ट. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. बहुतेक पक्ष्यांची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे संपते. म्हणजे जी ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्रे आपल्याला ऐकू येत नाहीत, ती पक्ष्यांनाही ऐकू येत नाहीत. डबे, फटाके, गोफण, चमकणाऱ्या पट्ट्या यांना पक्षी बिचकतात, पण इजा होत नाही हे कळले की सरावतात. बुजगावण्याच्या डोक्यावर बसलेली साळुंकी कोणी पाहिली नाही? म्हणून हे उपाय हंगामभर लावून ठेवू नयेत. फळात गोडी भरू लागताच, थव्याला बागेची सवय लागण्याआधी सुरू करावेत. दर दोन-तीन दिवसांनी त्यांची जागा बदलावी, दोन-तीन प्रकार आलटून पालटून वापरावेत आणि तोडणी संपताच काढून ठेवावेत.

ज्याला पक्षी सरावत नाहीत, अशी एक भीती आहे: शिकारी पक्ष्याची. न्यूझीलंडमधील मार्लबरो भागातल्या द्राक्षमळ्यांत तिथले ससाणे आणून वसवले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ससाणे असलेल्या मळ्यांत पक्ष्यांनी नेलेल्या मण्यांची संख्या ९५ टक्क्यांनी कमी होती. ससाणे पाळणे आपल्या कायद्यात बसत नाही. पण बागेवर शिक्रा घिरट्या घालत असेल तर त्याला हाकलू नये.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जाळी. मात्र पातळ नायलॉनची, मोठ्या छिद्रांची सैल जाळी पक्ष्यांना दिसत नाही. त्यात पक्षी, वटवाघळे, साप अडकून तडफडून मरतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवरील जाळीचे छिद्र ताणलेल्या अवस्थेतही ५ मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. सोपी परीक्षा अशी, की छिद्रातून बोट आत गेले तर ती जाळी घेऊ नये. जाळी पांढरी, ताणून बांधलेली आणि फळांपासून थोडी दूर असावी. परसातल्या चार झाडांना तर फळागणिक पिशवी पुरते. पेरूला फळमाशीपासूनही त्याने संरक्षण मिळते.

पक्षी मारणे हा उपाय नव्हे. पोपट, मोर, बुलबुल यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. शिवाय फळे टोचणारे बुलबुल आणि साळुंक्या पिल्लांना भरवतात त्या अळ्या आणि किडेच. चीनने १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम उघडली, पण पिकांवर किडी वाढल्या आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले.

आता तो टोचलेला पेरू. तेवढा भाग कापून उरलेला खाणे टाळलेलेच बरे. फोडलेल्या सालीतून जंतू आत शिरतात. शिवाय रात्री तो पोपटाने चावला की वटवाघळाने, हे सकाळी सांगता येत नाही. केरळमध्ये २०१८ साली निपाह विषाणूची साथ आली, तेव्हाही चावलेली फळे खाऊ नका, असेच आरोग्य यंत्रणेने बजावले होते. गोडी हवी असेल, तर झाडावर पिकलेला अखंड पेरू धुऊन खावा.