हृदयविफलता आणि मधुमेहातील आणीबाणी : आकलन व व्यवस्थापन

प्रस्तावना :
मधुमेह हा केवळ रक्तातील साखरेचा विकार आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः हृदय, मूत्रपिंडे व रक्तवाहिन्या या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातून १९७४ मध्ये असे निदर्शनास आले की, मधुमेही पुरुषांत हृदयविफलतेचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. साहजिकच हे दोन्ही विकार एकाच व्यक्तीत आढळणे दुर्मीळ नाही. एका आणीबाणीतील उपाय दुसरीत अपायकारक ठरू शकतो. म्हणून प्रथम त्यांतील भेद जाणून घेणे आवश्यक आहे.

हृदयविफलता :
हृदयविफलता म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची क्षमता कमी होते. मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत व फुफ्फुसांत साचते. त्यामुळे पायांवर सूज, आडवे झाल्यावर धाप, रात्री दम लागून जाग येणे ही लक्षणे दिसतात. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढल्यास ती धोक्याची पूर्वसूचना समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मधुमेहातील आणीबाणी :
रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी झाल्यास घाम, थरथर, धडधड, गोंधळलेले बोलणे व पुढे बेशुद्धी येते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणारी गोळी घेऊन उपवास करणे हे याचे नेहमीचे कारण होय. याउलट इन्सुलिन चुकल्यास अथवा जंतुसंसर्ग झाल्यास शरीर चरबी जाळू लागते, कीटोन साचतात व रक्त आम्लधर्मी होते. अतितहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी व खोल श्वास ही त्याची लक्षणे आहेत. वृद्धांत साखर ६०० च्या पुढे जाऊन तीव्र निर्जलीकरण व गुंगी येऊ शकते.

व्यवस्थापनातील पेच :
साखर अतिरेकी वाढलेल्या अवस्थेत शरीर कोरडे पडते, म्हणून शिरेतून सलाईन देणे हा उपचाराचा पाया असतो. हृदयविफलतेत मात्र शरीरात आधीच पाणी साचलेले असते. ‘अशक्तपणा आला, एक सलाईन लावा’ हा आपल्याकडील आग्रह अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. औषधांबाबतही हाच विवेक हवा. पायोग्लिटाझोन पाणी धरून ठेवते, म्हणून ते हृदयविफलतेत टाळले जाते. डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध हृदयविफलतेतही उपयुक्त असल्याचे २०१९ मध्ये सिद्ध झाले. परंतु या गटातील औषधांमुळे क्वचित साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोनची आणीबाणी उद्भवते. उलट्या किंवा उपासमार होत असल्यास ते चालू ठेवण्याबाबत डॉक्टरांना त्वरित विचारावे.

प्रथमोपचार :
शुद्धीवर असलेल्या रुग्णाची साखर कमी असल्यास १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. तपासणीची सोय नसेल आणि लक्षणे कमी साखरेची वाटत असतील, तरीही साखर द्यावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला कुशीवर वळवावे. धाप लागलेल्या रुग्णाला आडवे न करता टेकवून बसवावे. मधुमेहींना हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, हे ध्यानी ठेवून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

समारोप :
यांपैकी बहुतेक प्रसंगांची चाहूल आधी लागते. रोजचे वजन, मिठावर नियंत्रण, नियमित शर्करा तपासणी आणि आजारपणातही स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद न करणे ही चतुःसूत्री पाळल्यास अनेक आपत्ती टळतात. वर्गात वा कर्मचारी कक्षात असा प्रसंग प्रथम प्राध्यापकांसमोरच येतो. म्हणून प्रत्येक महाविद्यालयात ग्लुकोमीटर, साखर आणि तिचा वापर जाणणारी किमान एक व्यक्ती असणे अगत्याचे आहे.