स्कूटरस्वाराची संरक्षक साधने

स्कूटर किंवा तत्सम दुचाकी स्वयंचलित वाहनावरून जाताना अपघातात होणारी इजा टाळण्यासाठी अथवा सौम्य करण्यासाठी अंगावर धारण करावयाची साधने. शिरस्त्राण (हेल्मेट), हातमोजे, घोटा झाकणारे बूट व जाड कापडाचा अंगरखा यांचा त्यांत समावेश होतो. स्कूटरची चाके लहान असल्याने खड्ड्यात तोल जाण्याचा संभव अधिक असतो. पडताना मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे करतो, म्हणून तळहातांचे रक्षण आवश्यक असते. तथापि या साधनांत शिरस्त्राण सर्वांत महत्त्वाचे होय. कारण कातडी व हाडे बहुधा भरून येतात, मेंदूची इजा मात्र पुष्कळदा कायमची ठरते.

रचना व कार्य : शिरस्त्राणाचे बाह्य कवच कठीण प्लॅस्टिकचे किंवा काचतंतुयुक्त रेझिनाचे असते. ते आघात विस्तृत भागावर पसरविते व अणकुचीदार वस्तू आत शिरू देत नाही. खरे रक्षण आतील फेसाळ पॉलिस्टायरिनाचे अस्तर करते. ते दबून चिरडले जाते व आघाताची ऊर्जा शोषून घेते. सु. १·५ मी. उंचीवरून पडलेले डोके, वाहन उभे असले तरी, ताशी सु. २० किमी. वेगाने रस्त्यावर आपटते. हा वेग अस्तराच्या २·५ सेंमी. दबण्यात नाहीसा झाला, तर डोक्याचे सरासरी मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या ६० पट असते, २·५ मिमी. अंतरात नाहीसा झाल्यास ते ६०० पट होते. उघडे डोके डांबरी रस्त्यावर आपटल्यास थांबण्यास असे काही मिमी. अंतरच मिळते. त्यामुळे शहरातील संथ वाहतुकीत शिरस्त्राण अनावश्यक असते, हा समज निराधार ठरतो.

इतिहास : टी. ई. लॉरेन्स यांचा १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूशल्यतज्ञ ह्यू केर्न्स यांनी या विषयाचा अभ्यास करून १९४१ मध्ये शिरस्त्राणाचे महत्त्व प्रतिपादणारा निबंध प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये शिरस्त्राणाची सक्ती केली.

भारतातील स्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये चालक व मागे बसणारा या दोघांनाही शिरस्त्राण आवश्यक आहे, पगडीधारी शीख व्यक्तींना यातून सूट आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेलीच शिरस्त्राणे विकण्याचे बंधन आहे. पुण्यात २०१९ च्या प्रारंभी सक्तीला नागरिकांनी संघटित विरोध केला होता. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये शिरस्त्राण न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती अपघातांत मृत्यू पावल्या. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेल्या होत्या.

वापर : शिरस्त्राण डोक्यास घट्ट बसणारे असावे. हनुवटीखालील पट्टा बांधलेला नसल्यास ते पहिल्याच धक्क्याने निसटते. दबलेले अस्तर पूर्ववत होत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले शिरस्त्राण बाहेरून अभंग दिसले, तरी पुन्हा वापरू नये.