कडेला बसलेल्याला दिसतंय का?

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथेच रंगवलं. नाटकवेड्या मुलखात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो: कडेला बसलेल्याला दिसतंय का? सांगलीला खेटून असलेल्या आमच्या माधवनगरात गेल्या चाळीस वर्षांत घरात आलेले टीव्ही आठवू लागलो, की मला हाच प्रश्न परत परत भेटतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आलं आणि १९८४ पासून गावोगावी लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. आमच्याकडे टीव्ही आला तो मात्र कृष्णधवलच. लाकडी खोकं, पुढे सरकतं शटर. माधवनगर हे मागांचं गाव, त्यामुळे हवेत कायम कापसाचं तूस असायचं. चालू टीव्हीच्या काचेवर स्थिर वीज साचते, ती हे तूस ओढून घ्यायची. आई रोज संध्याकाळी काच पुसायची, तेव्हा फडक्यातून बारीक चटचट ऐकू यायची.

त्या काचेमागे चित्र कसं उमटतं, हे मागावर काम करणाऱ्याला चटकन समजलं असतं. धोटा जसा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा धागा टाकत जातो, तसा इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर एकामागून एक ओळ टाकत जायचा. एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. आधी विषम ओळी, मग सम. झोत पडेल तिथला लेप स्वतःच उजळायचा. जिथे झोत नाही तिथे अंधार.

स्वतः उजळणाऱ्या या लेपाचं मोल कळलं २५ जानेवारी १९८७ नंतर. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं, की दहा बाय बाराच्या खोलीत अख्खी गल्ली मावायची. बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पोरं खिडकीच्या गजांना धरून, रातपाळी करून आलेले कामगार दाराशी उभे. पडदा जेमतेम २० इंचांचा, पण गजाशी लटकलेल्या पोराला जे दिसायचं तेच समोर बसलेल्या आजोबांना. लेपातून निघणारा उजेड सगळीकडे सारखाच पसरत होता.

पुढे रंगीत टीव्ही आला. लाल, हिरवा, निळा असे तीन लेप, तीन झोत आणि मध्ये बारीक भोकांची धातूची जाळी. कुणी स्पीकर अगदी जवळ ठेवला, तर त्यातल्या लोहचुंबकाने झोत वाकायचा आणि कोपऱ्यात जांभळा डाग पडायचा. आकार वाढत गेला तसं वजनही. २००५ च्या पुरात सांगलीतल्या नातेवाइकांचा २९ इंची टीव्ही माळ्यावर चढवायला आम्ही तिघं लागलो होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा त्याच घरातला सपाट टीव्ही एकट्या पुतण्याने काखेत धरून वर नेला. चौदा वर्षांत काय बदललं, ते त्या जिन्यावर कळलं.

पण या हलकेपणाची किंमत आमच्या आजीने मोजली. २०११ च्या विश्वचषकाच्या आधी आम्ही ३२ इंची एलसीडी घेतला. आजीची कॉट भिंतीला लागून, पडद्याच्या पार कडेला. थोड्या दिवसांत ती म्हणू लागली, “सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक दिसायलेत रे.” आम्हाला वाटलं मोतीबिंदू वाढला. डोळे तपासले, चष्मा बदलला, तरी तक्रार तीच. एका दुपारी ती झोपायला आत गेली असताना मी सहज तिच्या कॉटवर बसलो. चेहरे खरंच पांढरेफटक होते. तिचे डोळे ठीक होते, पडदाच तिच्याकडे पाठ फिरवून बसला होता.

एलसीडीचे ठिपके स्वतः उजळत नाहीत. मागे दिवा, पुढे लाखो बारीक खिडक्या आणि त्या उघडझाप करणारे द्रवस्फटिक. खिडकी पूर्ण मिटत नाही म्हणून काळा रंग राखाडी होतो, आणि कडेने पाहिलं तर उजेड तिरपा येऊन रंग उडतात. यातही दोन जाती आहेत. व्हीए पॅनेलचा काळा गडद, पण कडेने चित्र फिकं. आयपीएसचा काळा थोडा राखाडी, पण कडेने रंग टिकतात. आमचा पहिल्या जातीचा होता. दुकानात हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

स्वतः उजळणारे सपाट पडदेही होतेच. प्लाझ्मा कडेनेही छान दिसायचा, पण तापायचा, वीज खायचा. मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या आसपास तो बंद केला. २०१३ पासून मोठ्या आकाराचे ओलेड आले. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा, म्हणून काळा खरा काळा आणि कडेचा माणूसही पुन्हा पंगतीत. जुन्या खोक्याकडे होतं ते तंत्रज्ञानाने मोठा वळसा घेऊन परत मिळवलं. नावांनी मात्र गोंधळ वाढवला. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे एलसीडीच, फक्त मागचा दिवा एलईडीचा. ‘क्यूएलईडी’मध्ये त्या दिव्यापुढे क्वांटम डॉटचा थर असतो. या सूक्ष्म कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंग खुलतात, पण खिडक्या त्याच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आम्ही पुन्हा खरेदीला निघालो. ओलेड मनात भरला होता. पण आमच्या घराचं दार दिवसभर उघडं, समोर लख्ख ऊन, आणि वडिलांच्या बातम्या सकाळपासून रात्रीपर्यंत. खालची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली, तर ओलेडवर तिचा डाग उमटू शकतो. सिनेमा रात्री दिवे मालवून पाहणाऱ्या घराला तो शोभेल. आम्ही ४३ इंची आयपीएस निवडला. काळा थोडा राखाडी दिसतो, ते सोसलं.

दुकानात विक्रेता समोर उभं राहून पाहायला सांगत होता. मी आधी पार डावीकडे गेलो, भिंतीला टेकलो आणि खाली वाकून कॉटच्या उंचीवरून पाहिलं. चेहरे चेहऱ्यांच्याच रंगाचे होते. आजी आता नाही. तिच्या कॉटवर आई बसते.