पेव, विहीर आणि कर्बवायू : उतरण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीतील गाळ काढणे, बंद पडलेली मोटार वर घेणे, पेवातील ज्वारी किंवा हळद बाहेर काढणे अशी कामे निघतात. या कामांत माणसे गुदमरून दगावल्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. दुःखाची गोष्ट अशी की, पुष्कळदा एकाच ठिकाणी दोन-तीन जीव जातात. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढण्यासाठी भाऊ उतरतो, भावापाठोपाठ मुलगा उतरतो. काही लोक याला विहिरीने बळी घेतला असे म्हणतात. खरे कारण बहुतेक वेळा तेथे साठलेला कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साईड, आणि प्राणवायूची कमतरता हे असते.

हा वायू कोठून येतो?

मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के, तर कर्बवायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. कर्बवायूला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे खोल व बंदिस्त जागेत तळाशी साठतो.

पेवात साठविलेले धान्य जिवंत असते व ते श्वसन करते. धान्य दमट असेल किंवा त्यास बुरशी वा कीड लागली असेल तर श्वसनाचा वेग फार वाढतो. एक किलो पिष्टमय पदार्थ अशा रीतीने खर्ची पडला तर सुमारे ९०० लिटर कर्बवायू तयार होतो आणि तितकाच प्राणवायू संपतो. पेवात १० घनमीटर हवा असेल तर एवढ्यानेच कर्बवायू ९ टक्क्यांवर जातो व प्राणवायू २१ वरून १२ टक्क्यांवर येतो. क्विंटलच्या क्विंटल धान्यात एक किलोची घट डोळ्यांना दिसतही नाही, पण माणूस मरण्यास ती पुरेशी आहे.

न वापरलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजून हा वायू तयार होतो. शिवाय पिकांची मुळे व जमिनीतील जिवाणू यांच्या श्वसनामुळे मातीच्या पोकळीतील हवेत कर्बवायू जास्त असतो. ढगाळ दिवशी हवेचा दाब उतरला की ही हवा भेगांतून विहिरीत येते. म्हणून काल सुरक्षित असलेली विहीर आज सुरक्षित असेलच असे नाही. मुरघासाचा खड्डा, शौचालयाची टाकी व गोबर गॅसचे पाचक या जागाही तितक्याच धोक्याच्या आहेत. गोबर गॅसमध्ये साधारण ३५ ते ४० टक्के कर्बवायू असतो.

शरीरावर होणारे परिणाम

कर्बवायू रक्तात मिसळला की रक्ताची आम्लता वाढते. त्यामुळे प्राणवायू पुरेसा असला तरीही या वायूचे प्रमाण वाढल्यास तो स्वतःच घातक ठरतो.

३ टक्के : श्वास खोल व जलद होतो, डोके जड होते.
५ टक्के : धाप लागते, डोके दुखते, चक्कर येते, घाम सुटतो.
७ ते १० टक्के : काही मिनिटांत ते तासाभरात शुद्ध हरपते.
१० टक्क्यांच्या वर : थोड्याच मिनिटांत बेशुद्धी येते.
३० टक्क्यांच्या आसपास : काही श्वासांतच माणूस कोसळतो.

चक्कर आली तर लगेच वर येऊ, हा भरवसा म्हणूनच खोटा आहे. शिडी चढण्याइतकीही ताकद राहत नाही.

दिव्याची परीक्षा पुरेशी आहे काय?

सांगलीजवळील हरिपूर येथे हळदीसाठी पेवांचा वापर पिढ्यानपिढ्या होत आला. २००५ च्या महापुरात तेथील अनेक पेवांची हानी झाली. पेवाचे तोंड उघडून काही तास थांबावे, कंदील सोडून पाहावा आणि मगच उतरावे, ही जुन्या जाणत्यांची रीत होती. कंदील विझला तर उतरू नये, एवढे त्यावरून निश्चित समजते. परंतु कंदील जळत राहिला म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. माणसाला घातक ठरेल इतका वायू असतानाही ज्योत काही वेळ टिकू शकते. गोबर गॅसच्या पाचकात व शौचटाकीत तर दिवा मुळीच सोडू नये. तेथील मिथेन वायूचा स्फोट होतो.

उतरण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

१) शक्यतो उतरूच नये. गाळ यारीने व मोटार दोराने वरूनच काढता येते का, ते आधी पाहावे.
२) पेवाचे तोंड आदल्या दिवशी उघडावे. तोंड अरुंद असल्याने जड वायू आपोआप पूर्ण निघून जात नाही. म्हणून विजेच्या ब्लोअरला लांब पाईप जोडून तो तळाजवळ सोडावा, भरपूर हवा मारावी व काम चालू असेपर्यंत ब्लोअर बंद करू नये.
३) वायुमापक मिळाल्यास तळाची हवा मोजावी. प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी किंवा कर्बवायू अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त असल्यास उतरू नये. काही वायुमापके कर्बवायू मोजत नाहीत, हे आधी विचारून घ्यावे.
४) उतरणाऱ्याच्या छाती व मांड्यांभोवती पट्टा बांधून दोर वर ठेवावा. वर किमान तीन धडधाकट माणसे असावीत व त्यांनी सतत बोलत राहावे. उत्तर आले नाही की लगेच ओढून घ्यावे.
५) तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा फवारणीचा मास्क येथे कुचकामी आहे. त्यातून प्राणवायू मिळत नाही.
६) विहिरीत डिझेल इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड हा वेगळा विषारी वायू आहे.

अपघात झाल्यास

खाली कोणी पडले असल्यास कोणीही त्याच्यामागे उतरू नये. दोर बांधलेला असेल तर वरून ओढावे. नसेल तर ब्लोअरने हवा सोडत राहावी, १०१ किंवा ११२ वर अग्निशमन दलास व १०८ वर रुग्णवाहिकेस बोलवावे. श्वसनयंत्र लावलेल्या जवानांनीच आत उतरावे. बाहेर काढलेल्या माणसास मोकळ्या हवेत उताणे निजवावे. श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब द्यावा. तीस दाबांनंतर दोनदा तोंडाने श्वास द्यावा व मदत येईपर्यंत हे थांबवू नये.

खाली पडलेला माणूस आपलाच असतो, तेव्हा काठावर थांबणे फार कठीण जाते. पण त्या क्षणी थांबणारा माणूसच मदत बोलावू शकतो. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनी हा नियम घरातील तरुण मुलांना व सालगड्यांना काम सुरू करण्यापूर्वीच समजावून सांगावा. दोर, पट्टा आणि ब्लोअर यांची सोय झाल्याशिवाय काम काढू नये.