पेनड्राइव्हचा मिसळणाचा डबा

आज वही-पेन घेऊन बसा, कारण थोडं लिहून घ्यावं लागेल. विषय कॉम्प्युटरचा आहे. ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून कुणी रेडिओ बंद करू नका. आता गटाचे हिशेब, कर्जाच्या याद्या, बैठकांचे ठराव सगळं कॉम्प्युटरवर गेलंय. मग तो बंद पडला की काय करायचं, हे आपल्याला माहीत नको का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाचा कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, कंपनीचं नाव यायचं आणि नंतर नुसता निळा पडदा. चार दिवसांनी बँकेत कर्जाची फाइल द्यायची होती. चौदा गटांच्या नोंदी त्यात होत्या. तालुक्याच्या दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल. आत जे असेल ते जाईल.” आमच्या लिपिका ताईंचे डोळेच भरून आले. पुन्हा सगळं भरायचं म्हणजे वह्या शोधण्यापासून सुरुवात.

आम्ही कॉम्प्युटर तसाच परत आणला. आमच्या एका सदस्याची मुलगी आयटीआयमध्ये कोपाचा कोर्स करते. ती संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन आली. म्हणाली, “मावशी, मशीन चालू होतंय ना? मग आधी आतल्या फाइली काढू. फॉरमॅट नंतर बघू.” पाऊण तासात सगळे हिशेब दुसऱ्या पेनड्राइव्हवर आले. तिच्याकडून मी जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. स्वयंपाकघरात शेगडी आहे, भांडी आहेत, कोठीत धान्य आहे, पण रांधणारी बाई आजारी पडली तर स्वयंपाक होत नाही. याचा अर्थ धान्य सडलं असा होत नाही. कॉम्प्युटरचं तसंच आहे. यंत्र म्हणजे शेगडी-भांडी. आपल्या फाइली म्हणजे कोठीतलं धान्य. आणि या सगळ्यांकडून काम करून घेणारी बाई म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स ही दुसरी. आमचं विंडोज आजारी पडलं होतं. धान्य जागेवरच होतं.

अशा वेळी शेजारीण आपल्या घरी येते, रांधून देते आणि निघून जाते. पेनड्राइव्हवरून लिनक्स तसंच चालवता येतं. याला ‘लाइव्ह’ चालवणं म्हणतात. ते कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत चालतं. तुम्ही स्वतःहून काही पुसलं किंवा बदललं नाही, तर आतल्या डिस्कला हात लागत नाही. कॉम्प्युटर बंद केला की शेजारीण घरी गेली.

लिनक्स फुकट आहे, आणि ते वापरणं कायदेशीर आहे. 1991 साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. आज त्याचे कितीतरी प्रकार आहेत. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचं लिनक्स तयार केलंय.

पूर्वी एका पेनड्राइव्हवर एकच सिस्टीम बसायची. दुसरी हवी तर पेनड्राइव्ह पुसा, नाहीतर नवा घ्या. म्हणजे हळदीला एक डबा, मोहरीला दुसरा, जिऱ्याला तिसरा. आता ‘व्हेंटॉय’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते पेनड्राइव्हचा मिसळणाचा डबा करून देतं. डबा एक, वाट्या अनेक. कॉम्प्युटर सुरू करताना जी वाटी लागेल ती घ्यायची.

आता कृती लिहून घ्या.

काय लागेल? 32 जीबीचा एक पेनड्राइव्ह, दुसरा चालू असलेला कॉम्प्युटर आणि इंटरनेट. शाळेचा किंवा ओळखीच्या सेवा केंद्राचा कॉम्प्युटर चालेल, पण विचारून घ्या. पेनड्राइव्ह रिकामा हवा, कारण व्हेंटॉय बसवताना त्यातलं सगळं पुसलं जातं. नातवाच्या बारशाचे फोटो असतील तर आधी दुसरीकडे ठेवा.

पहिली पायरी. व्हेंटॉय डॉट नेट या त्यांच्याच साइटवरून विंडोजसाठीची झिप फाइल उतरवा. ती उघडून त्यातलं ‘व्हेंटॉय टू डिस्क’ सुरू करा.

दुसरी पायरी. वरच्या चौकटीत पेनड्राइव्हचं नाव आणि आकार दिसेल. इथे थांबा. 32 जीबीच्या आसपासचा आकडा आहे ना, तो आपलाच पेनड्राइव्ह आहे ना, हे दोनदा बघा. दुसरी डिस्क निवडली गेली तर ती पुसली जाईल. यासाठी त्या वेळी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह काढून ठेवलेले बरे. मग ‘इन्स्टॉल’ दाबा. ते दोन वेळा ‘नक्की का?’ असं विचारतं. दोन्ही वेळा ‘यस’ म्हणा.

तिसरी पायरी. आता वाट्या भरायच्या. प्रत्येक सिस्टीमची एक मोठी फाइल मिळते, तिला आयएसओ फाइल म्हणतात. ती उघडायची नाही, सोडवायची नाही. नेहमीची फाइल कॉपी करतो तशी पेनड्राइव्हवर टाकायची. झालं. पुढे नवी आली की जुनी पुसून नवी टाका, पेनड्राइव्ह पुन्हा तयार करावा लागत नाही.

डब्यात काय काय ठेवायचं? मी चार वाट्या ठेवल्यात. पहिली, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. ती साधारण 3 जीबीची आहे आणि 4 जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर बरी चालते. दिसायला विंडोजसारखीच असल्याने बिचकायला होत नाही. दुसरी, पपी लिनक्स. ती काहीशे एमबीचीच असते, फार जुन्या यंत्रासाठी. तिसरी, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली विंडोजची आयएसओ, 5 जीबीहून मोठी. विंडोज दुरुस्त करायला ती लागते. पण विंडोजचा परवाना मात्र आपल्याकडे हवा. चौथी, मेमटेस्ट. रॅम खराब आहे का हे ती तपासते. एवढं ठेवूनही निम्म्याहून जास्त पेनड्राइव्ह रिकामा राहतो.

या फाइली त्या त्या सिस्टीमच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. कुणी ‘माझ्याकडे आहे, देतो’ म्हणून दिलेली फाइल घेऊ नका. भेसळीचं तिखट आपण ओळखतो, फाइलमधली भेसळ दिसत नाही.

आता वापरायचं कसं ते. बंद कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावा. बटण दाबल्याबरोबर एक ठरावीक कळ टकटक दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरच्या बऱ्याच यंत्रांना एफ-12 लागते, एचपीला एफ-9. पडद्यावर यादी येईल, त्यात पेनड्राइव्हचं नाव निवडा. मग व्हेंटॉयची यादी येईल, त्यात आपल्या चारही वाट्या दिसतील. बाणाच्या कळीने मिंट निवडा आणि एंटर दाबा. पुढे पुन्हा विचारलं तर ‘नॉर्मल मोड’ घ्या.

काही नव्या कॉम्प्युटरवर ‘सिक्युअर बूट’ नावाचं कुलूप असतं. तिथे पहिल्यांदा निळा पडदा येऊन चावी नोंदवायला सांगतो. ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडायचं, त्यात व्हेंटॉयचा छोटा भाग उघडायचा आणि ‘एनरोल धिस की’ अशा नावाची फाइल घ्यायची. त्या कॉम्प्युटरवर हे एकदाच करावं लागतं.

मिंट सुरू झालं की डिस्कचं चित्र उघडा. ‘युजर्स’ या फोल्डरमध्ये आपल्या नावाचं फोल्डर असतं. त्यात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सापडतील. दुसरा पेनड्राइव्ह लावून ती कॉपी करा. मिंटमध्ये लिब्रेऑफिस असतं, त्यात एक्सेलची फाइल उघडून खात्री करून घ्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तिथे भलत्याच अक्षरांत दिसेल. घाबरू नका, फाइल चांगली आहे. तो फाँट असलेल्या कॉम्प्युटरवर नीट दिसेल. टॅली तिथे उघडणार नाही, पण टॅलीच्या डेटाचं अख्खं फोल्डर कॉपी करून आणता येतं.

आता चार धोके सांगते.

एक, मिंटच्या पडद्यावर ‘इन्स्टॉल’ नावाचं चित्र असतं. त्याला हात लावायचा नाही. ते दाबून पुढे पुढे गेलं तर डिस्क पुसली जाऊ शकते. आपण धान्य काढायला आलोय, घर पाडायला नाही.

दोन, डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम आजारी नसून डिस्कच मोडत आलेली असते. चालवत राहिलात तर उरलंसुरलंही जाईल. जाणकाराकडेच न्या.

तीन, डिस्कला ‘बिटलॉकर’चं कुलूप असेल तर 48 आकड्यांची चावी मागेल. ती नसेल तर फाइली निघत नाहीत. आपला कॉम्प्युटर आज चांगला चालतोय तोवरच ती चावी शोधून कागदावर लिहा आणि दप्तरात ठेवा.

चार, लाइव्ह मिंटमध्ये टाइप केलेलं काम कॉम्प्युटर बंद करताच जातं. ते पेनड्राइव्हवर जतन करा.

मैत्रिणींनो, या पेनड्राइव्हने प्रत्येक कॉम्प्युटर दुरुस्त होत नाही. आमच्याही कॉम्प्युटरला शेवटी फॉरमॅट मारावाच लागला. पण तोवर हिशेब बाहेर काढून झाले होते आणि बँकेची फाइल वेळेवर गेली. दुकानदार खोटं बोलला असंही मी म्हणणार नाही. फॉरमॅट केल्यावर आतलं जातं हे खरंच आहे. आपण फक्त विचारलं नाही, की आधी काढून देता येईल का? यापुढे कॉम्प्युटर दुकानात देताना हा प्रश्न आधी विचारा.

आणि हा डबा म्हणजे हिशेबाची दुसरी प्रत नव्हे. त्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा. महिन्याच्या बैठकीनंतर नोंदी झाल्या की त्याच दिवशी प्रत काढायची, आणि ती कुणी काढली हे ठरावाच्या वहीत लिहायचं. ती प्रत कॉम्प्युटरच्या टेबलावर नको, दुसऱ्या घरी ठेवा.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवा, त्यावर आपल्या कॉम्प्युटरला कोणती कळ लागते ते लिहा, आणि शिक्का ठेवता त्या पेटीत ठेवून द्या. कॉम्प्युटर चांगला असतानाच लिपिका ताईंनी आणि आणखी दोघींनी एकदा त्यावरून मिंट सुरू करून बघावं. अडचणीच्या दिवशी हात थरथरत नाहीत. आज इथेच थांबते. नमस्कार.